‘बाई, तुम्ही देव मानता का?’

पत्र

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात बत्तीस मुलं. निम्मी मराठा-धनगर, सात-आठ बौद्ध, सहा मुस्लिम, दोन ख्रिस्ती, बाकी इतर. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन होतं. यंदा एक बौद्ध मुलगी हात न जोडता उभी राहिली, तर माझ्या सहकारी बाई सगळ्यांसमोर ओरडल्या, ‘हात जोड गं!’ दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. भांडले नाहीत, नुसतं विचारून गेले. मुख्याध्यापक म्हणतात, ‘आजवर कुणी काही बोललं नाही.’ स्टाफरूममध्ये तोडगा निघाला की सगळ्याच धर्मांचे सण साजरे करू, म्हणजे कुणाची तक्रार नको.

त्याच आठवड्यात अफजलखानाचा धडा झाला. शिकवताना पुढच्या बाकांवरची तीन-चार मुलं मागे वळून एका मुस्लिम मुलाकडे बघायला लागली. मधल्या सुट्टीत त्याला ‘खान’ म्हणून चिडवलं. तेव्हापासून तो शाळेत आलेला नाही. आणि परवा एका मुलीनं विचारलं, ‘बाई, तुम्ही देव मानता का?’ मी म्हटलं, ‘पुस्तक उघडा.’

वर्गात धर्माचं नावच काढायचं नाही, असं ठरवू का? माझं कुंकू, मंगळसूत्र, गुरुवारचा उपवास हेही तटस्थतेच्या आड येतं का?

– एक शिक्षिका

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्न थांबतील. त्या मुलाचा थांबणार नाही. हे वाचून होईपर्यंत तो शाळेत आलेला नसेल, तर आज संध्याकाळी त्याच्या घरी जा. सर्वधर्मसमभावावर बोलायला जाऊ नका. ‘भागाकार सुरू झालाय, तू मागे पडशील, उद्या ये,’ एवढं त्याला सांगा. काय झालं ते तुम्हाला कळलंय आणि ते चुकीचं होतं, हे त्याच्या आईवडिलांना सांगा. चिडवणाऱ्या मुलांशी एकेकट्यानं बोला. त्यांना वर्गासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ असला सोहळा करू नका. त्यात पुन्हा बत्तीस जण त्याच्याकडेच बघणार, आणि त्यातूनच तर तो पळालाय.

धडा मात्र वगळू नका आणि पटकन उरकूही नका. मुलांना तो आवडतो आणि आवडायलाच हवा. फक्त सांगताना स्वतःकडे कान ठेवा. आपल्यातले पुष्कळ जण हा धडा ‘आपण’ आणि ‘ते’ असा सांगतात. ‘त्यांनी दगा केला, आपण त्यांना हरवलं.’ नऊ वर्षांचं पोर लगेच वर्गात ‘ते’ शोधायला मान वळवतं. त्याऐवजी विजापूरची आदिलशाही आणि नव्यानं उभं राहणारं स्वराज्य असं सांगा, म्हणजे १६५९ सालची दोन राज्यांमधली लढाई मुलांच्या डोळ्यांसमोर येईल. भेटीची बोलणी करायला अफजलखानाचा वकील म्हणून आला तो कृष्णाजी भास्कर. महाराजांनी प्रतापगडाखाली सोबत घेतलेल्या दहा जणांत सिद्दी इब्राहिम होता. पुढे आरमारात दौलतखान होता. आणि १६६५ मध्ये पुरंदरचा तह करायला लावणारे मिर्झाराजे जयसिंग औरंगजेबाचे सेनापती होते. ही नावं गोष्टीच्या ओघात येऊ द्या. त्या मुलाकडे बघून ‘बघ, तुमच्यातलेही महाराजांकडे होते हं’ असं मात्र म्हणू नका. हेतू चांगला असतो, पण त्यानं पोराच्या डोक्यावर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांची जबाबदारी येते, भले ती चांगल्या माणसांची का असेना.

आता पाटीपूजन.

तुमची शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते. अशा शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असं संविधानाचं कलम २८ पहिल्याच वाक्यात सांगतं. मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळांसाठी त्याच कलमात पुढची तरतूद आहे: तिथे धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. हा फरक लक्षात ठेवा. ‘बहुतेक पालकांची हरकत नाही’ हा मुद्दा स्टाफरूममध्ये येणारच, पण पालकांच्या संमतीची वाट संविधानानं ठेवलीय ती या दुसऱ्या प्रकारच्या शाळांसाठी.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा चालू असताना, मग संस्कृत पाठशाळांचं काय, अशी शंका निघाली होती. बाबासाहेबांनी तेव्हा धार्मिक शिक्षण आणि धर्माचा अभ्यास या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. अमुकच मानलं पाहिजे हे मनावर ठसवणं म्हणजे धार्मिक शिक्षण. एखादा धर्म काय सांगतो याचा अभ्यास करणं ही निराळी गोष्ट. १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगानं हाच फरक धरला, आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही धर्मांविषयी माहिती देण्याला आडकाठी नाही असं म्हटलं. त्यामुळे ‘वर्गात धर्माचं नावच काढायचं नाही’ असं तुम्हाला कुणीच सांगितलेलं नाही. तसं करायला गेलात तर ज्ञानेश्वर, कबीर, चक्रधर, बुद्ध सगळे वर्गाबाहेर जातील, आणि मग मराठीच्या तासाला शिकवणार काय?

पाटीपूजन म्हणजे धार्मिक शिक्षण, उपासना की नुसती रीत, यावर वकील दिवसभर भांडू शकतील. शाळेतल्या प्रार्थनेबद्दलचा कायदाही पुरता मिटलेला नाही. केंद्रीय विद्यालयांमधल्या संस्कृत प्रार्थनेचा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला. पण तुमच्या वर्गात जे झालं त्याला एवढ्या खोलात जायची गरजच नाही. ‘हात जोड गं’ ही सक्ती आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकानं प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, म्हणून शाळेनं त्याच्यावर कारवाई केली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शाळेला सांगितलं, की अशी सक्ती करता येणार नाही. त्याच्याही आधी १९८६ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांचा खटला झाला. ती राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेनं त्यांना काढून टाकलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं. ते तर राष्ट्रगीत होतं. आपण इथे पाटीवरच्या सरस्वतीबद्दल बोलतोय, आणि ती मुलगी नुसती गप्प उभी होती.

मुख्याध्यापकांचं ‘आजवर कुणी काही बोललं नाही’ हे वाक्य मी इतक्या शाळांत ऐकलंय, की त्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. पालक का बोलत नाही? त्याला दाखला हवा असतो, बोनाफाईड हवं असतं, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत पुढे जायला हवा असतो. पोर पाच तास तुमच्या ताब्यात असतं. गावात राहायचं असतं. एवढं सगळं पणाला लावून ‘माझ्या मुलीला हात जोडायला लावू नका’ हे सांगायला जो बाप शाळेत येतो, तो एकटा नसतो. त्याच्यामागे न आलेले चार असतात. तुमच्याकडे आलेले वडील भांडले नाहीत, हे तुम्ही लिहिलंय. त्यांनी भांडायचं टाळलं, हे तुमच्या सहकारी बाईंच्या कानावर घालाच.

माझं मत विचाराल तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून ही पूजा जावी. दिवस राहू द्या, पूजा जाऊ द्या. पुस्तकांना कव्हर घाला, फाटलेली पुस्तकं चिकटवा, ग्रंथालयाचं कपाट उघडून प्रत्येकाला एकेक पुस्तक घरी द्या. दसऱ्याच्या सुट्टीला यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही. काही शाळा सरस्वतीच्या जागी सावित्रीबाईंचा फोटो ठेवतात आणि तोच नारळ, तीच उदबत्ती, तेच हात जोडणं चालू ठेवतात. तेही मला पटत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना काय काय सोसावं लागलं ते सांगा. उदबत्तीचा धूर त्यांनाही नको.

‘सगळेच सण साजरे करू’ हा स्टाफरूमचा तोडगा गोड वाटतो, पण त्यानं सक्तीचे दिवस तेवढे वाढतात. आता ती मुलगी एका दिवशी अवघडते, उद्या चार दिवशी अवघडेल, आणि तिच्या जोडीला वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी मुलं. शिवाय ‘सगळे’ म्हणजे किती? जैन, लिंगायत, शीख, आदिवासी पाड्यावरची मुलं, आणि ज्यांच्या घरात काहीच मानत नाहीत ती? शेवटी प्रत्यक्षात काय होतं, तर एक सण मनापासून होतो आणि बाकीचे फॅन्सी ड्रेससारखे. डिसेंबरात कापसाची दाढी, ईदला डोक्यावर रुमाल. आणि त्या धर्माचं जे एखाददुसरं मूल वर्गात असेल, त्याला उभं करून ‘तू सांग बाळा, तुमच्यात काय करतात.’ त्याला बिचाऱ्याला कधीकधी माहीतही नसतं.

सण शिकवायचेच असतील (आणि शिकवावेत) तर कॅलेंडरपासून सुरुवात करा. भिंतीवर या वर्षीचं आणि मागच्या दोन-तीन वर्षांची कॅलेंडरं लावा आणि मुलांना ईद शोधायला सांगा. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकताना दिसेल. का? चंद्राचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. मग दिवाळीही चांद्र तिथीनं ठरते, ती का नाही अशी भटकत पावसाळ्यात जात? कारण साधारण तीन वर्षांनी अधिक मास घालून हिशेब जुळवतात. नाताळ जागचा हलत नाही. संक्रांत जवळजवळ हलत नाही, कारण ती सूर्यावर ठरते. ईस्टर सूर्य आणि चंद्र दोघांनाही विचारून रविवार धरतो. चौथीच्या मुलांना हे जमतं. वजाबाकी येते, भूगोल येतो, आणि वर्गातला प्रत्येक सण फळ्यावर येतो. कुणाला हात जोडावे लागत नाहीत, कुणाला उभं राहून समाजाचं प्रतिनिधित्व करावं लागत नाही. पूजेवरून भांडणारे पालकही यात काही खोट काढणार नाहीत. काढलीच, तर चंद्राशी बोला म्हणावं.

रोजच्या बारीकसारीक गोष्टींकडे मी सणांपेक्षा जास्त लक्ष देईन. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना ‘अल्पसंख्याकवाले उभे राहा’, ‘एस.सी.ची मुलं हात वर करा’ असं आपण किती सहज म्हणतो! सगळी माहिती जनरल रजिस्टरमध्ये आहे. तिथून यादी काढा आणि कागद मुलांच्या हाती न देता पालकांना बोलवा. पोषण आहारात अंडं असेल त्या दिवशी कोण खातं, कोण खात नाही यावर तुम्ही काही बोलू नका आणि मुलांनाही बोलू देऊ नका. रमजानमध्ये एखाद्या मुलानं हौसेनं रोजा धरला असेल, तर त्या दिवशी कवायतीत त्याला सावलीत बसवा, पण ‘वा, एवढासा पोरगा!’ असं कौतुक करू नका. एकादशी करणाऱ्या मुलीचंही करू नका. कौतुक झालं की न करणारी मुलं आपोआप कमी ठरतात. ईदच्या दुसऱ्या दिवशी घटक चाचणी ठेवू नका. मुलाच्या गळ्यात ताईत, कपाळावर गंध, डोक्यावर टोपी असली तर तिची चर्चा वर्गात नको. गणवेशाबद्दल वरून काही आदेश आलाच, तर तो पालकांना वेगळं बोलावून सांगायचा.

तुमचं कुंकू-मंगळसूत्र. घाला. उपवास करा. नोकरीत शिरताना कुणी आपला धर्म गेटबाहेर ठेवून येत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. सांभाळायची आहे ती तुमच्या हातातली सत्ता: गुण, शाबासकी, पहिला बाक, मॉनिटर, ओरडा. यातलं काहीही श्रद्धेच्या बाजूनं किंवा विरोधात वापरायचं नाही. गुरुवारचा प्रसाद स्टाफरूममध्ये वाटा, वर्गात नको. कारण तिथे ‘नको’ म्हणणं नऊ वर्षांच्या मुलाला जमत नाही.

आणि तो प्रश्न. ‘पुस्तक उघडा’ म्हटल्यावर मुलीला एवढंच कळलं, की हे विचारायचं नसतं. पुन्हा कुणी विचारलं तर असं सांगून बघा: ‘याबद्दल माणसं वेगवेगळं मानतात. तुमच्या घरी काय मानतात ते आईला, आजीला विचारा. माझं मत मी वर्गात सांगत नाही, कारण मी बाई आहे, आणि बाई म्हणतात तेच बरोबर उत्तर, असं तुम्हाला वाटेल.’ मुलांना हे नीट कळतं. पुष्कळदा मोठ्यांपेक्षा लवकर. एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल, ‘पण तुम्ही कुंकू लावता म्हणजे मानताच!’ तेव्हा हसा, आणि तर्क चांगला लढवलास म्हणा. लपवायचं काहीच नाही.

दोन ठिकाणी मात्र तटस्थ राहू नका. ग्रहण राहूमुळे होतं असं मूल म्हणालं, तर ‘तेही बरोबर, हेही बरोबर’ असं गुळमुळीत उत्तर देऊ नका. सावली पडते, हे कंदील आणि चेंडू घेऊन दाखवा. घरच्यांची टिंगल करू नका, पण विज्ञानाच्या तासाला विज्ञानच शिकवायचं. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे तर संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांत लिहिलंय. दुसरं, कुणी कुणाच्या डब्याला शिवत नसेल, कुणाच्या शेजारी बसत नसेल, आणि ‘आमच्या घरी तसंच आहे’ असं सांगत असेल, तर तिथे घरच्या श्रद्धेचा मान राखायचा प्रश्नच येत नाही. अस्पृश्यता कलम १७ नं संपवलीय. त्या दिवशी बसायची जागा तुम्ही ठरवा आणि स्पष्ट शब्दांत बोला.

आता राहिले मुख्याध्यापक. परिपाठाच्या रांगेत किंवा सगळ्या स्टाफसमोर त्यांच्याशी वाद घालू नका. तिथे माणूस मागे सरकत नाही. एकट्यात भेटा, कलम २८ चा एक कागद सोबत न्या आणि पाटीपूजनाऐवजी ग्रंथालयाचा दिवस ही सूचना तयारच घेऊन जा. नुसतं ‘हे बंद करा’ म्हणण्यापेक्षा हातात दुसरं काही दिलं, तर त्यांची सुटका होते. तिथे नाही जमलं तर विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊणभर पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तिथे चर्चा होऊ द्या, मतदान होऊ देऊ नका. मुलीनं हात जोडायचे की नाही, हे हात वर करून ठरत नसतं. त्यानंतर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, आणि दर वेळी लेखी, तारीख घालून, पोच घेऊन.

एक काळजी घ्या. कुठल्याही कागदावर त्या मुलीचं किंवा तिच्या वडिलांचं नाव घालू नका, आणि त्यांना पुढे करू नका. ‘पालकांची तक्रार आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘माझं म्हणणं असं आहे’ असं लिहा आणि खाली तुमची सही करा. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याची एक ओळही जाता कामा नये. तुमची बदली होईल, ते तिथेच राहणार आहेत. सहकारी बाईंशी मात्र याच आठवड्यात बोला; त्यांनी त्या मुलीला बाजूला घेऊन ‘मी ओरडायला नको होतं’ एवढं म्हटलं, तर तुमचं निम्मं पत्रव्यवहाराचं काम वाचेल.